पतंग, पट्टे आणि डोळा : प्रकल्पाच्या नोंदी (वडोदरा)

12 डिसेंबर

वाचनालयाने 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी आम्हाला एक टेबल आणि त्यामागची भिंत दिली. विषय आमच्यावर सोडला आहे. मी 'हलती वस्तू आणि हलता डोळा' हा विषय सुचवला. भाचा ऑप्टोमेट्रीच्या (डोळे आणि नजर तपासण्याच्या शिक्षणाच्या) शेवटच्या वर्षाला आहे. तो लगेच म्हणाला, "मावशी, दृष्टिभ्रमांचे तक्ते लावू, गर्दी होईल." गर्दी होईल हे खरं, पण त्या तक्त्यांसमोर माणूस "अरेच्चा!" म्हणतो आणि पुढच्या टेबलावर चिक्की घ्यायला जातो. मला समोरच्याचा डोळा काय करतोय ते लोकांना दिसायला हवं आहे. तक्ते नकोत असं ठरलं, निदान आज तरी.

हात लांब करून अंगठा धरला तर त्याची रुंदी साधारण 2 अंश भरते. अगदी स्पष्ट दिसतं ते जेमतेम एवढ्याच जागेत. बाकी सगळं धूसर, पण आपल्याला ते कधी जाणवत नाही, कारण डोळा ही छोटी जागा सारखी इकडून तिकडे नेत असतो. नेण्याचे मुख्य मार्ग दोन. एक झेप, शास्त्रात तिला सॅकेड म्हणतात. सेकंदाला सुमारे तीन झेपा होतात, एकेक झेप 30-50 मिलिसेकंदांत संपते आणि मोठ्या झेपेत वेग सेकंदाला 500 अंशांच्या वर जातो. दुसरा मार्ग पाठलागाचा. डोळा हलत्या वस्तूबरोबर संथ, न अडखळता सरकतो. सेकंदाला 30 अंशांपर्यंत हे बरं जमतं, त्यापुढे डोळा मागे पडायला लागतो.

भाच्याला भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेघेवरून नजर सावकाश, सलग फिरवायला सांगितली. त्याला वाटलं जमलं. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते: टक, टक, टक, छोट्या छोट्या उड्या. मग माझं बोट त्याच रेघेवरून नेलं आणि त्याच्याकडे बघायला सांगितलं. डोळे लोण्यातून सुरी जावी तसे सरकले. झेप मनात येईल तेव्हा घेता येते. पाठलाग मात्र नुसत्या इच्छेने सुरू होत नाही, त्याला हालचाल पुरवावी लागते. टेबलावर जे काही मांडू ते याच्याशी जोडलेलं असलं पाहिजे.

16 डिसेंबर

कॅमेरा. मोबाइलच्या साध्या व्हिडिओत सेकंदाला 30 चित्रं असतात, म्हणजे एक चित्र 33 मिलिसेकंदांचं. अख्खी झेप एका चित्रात गडप! स्लो-मोशनमध्ये 240 चित्रं मिळतात, एक चित्र साधारण 4 मिलिसेकंदांचं. 40 मिलिसेकंदांची झेप दहाएक चित्रांत पसरते, एवढं पुरे.

पण घरातल्या दिव्याखाली घेतलेला व्हिडिओ सारखा उजळतो आणि काळवंडतो, कारण 50 हर्ट्झच्या विजेवर साधा एलईडी बल्ब सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. खिडकीशी, उन्हाच्या उजेडात बसलो की प्रश्न मिटतो. वाचनालयाच्या हॉलमध्ये खिडकी नाही, तिथे बॅटरीवरचा दिवा न्यायचा.

मोजायचं कशावर? बाहुलीची कडा उजेडाप्रमाणे लहानमोठी होते. भाच्याने बुबुळाशेजारी पांढऱ्या भागातली एक बारीक लाल शीर पकडली. ती डोळ्याबरोबरच हलते आणि तिचा फाटा सुंदर टोकदार आहे. नेत्रगोलाची त्रिज्या सुमारे 12 मिलिमीटर, म्हणजे 1 अंशाला पृष्ठभाग 0.2 मिलिमीटर सरकतो. जवळून घेतलेल्या चित्रात ते सहा-सात ठिपके (पिक्सेल) होतात. 'ट्रॅकर' हे फुकट सॉफ्टवेअर शाळांत चेंडूची फेक मोजायला वापरतात, त्यातच ही शीर मोजली. आलेख आला : पायरी, सपाट, पायरी, सपाट. बोटामागे गेलेल्या डोळ्याचा आलेख तिरका, मधूनच एखादी छोटी पायरी. ती पायरी म्हणजे मागे पडलेल्या डोळ्याने अंतर भरून काढायला घेतलेली झेप.

21 डिसेंबर

पट्ट्यांचा ढोल तयार. रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा, घेर 94 सेंटिमीटरच्या आसपास. त्यावर पांढरा कागद आणि सुमारे 3 सेंटिमीटर रुंदीचे काळे उभे पट्टे. खाली भंगारातून आणलेली गाडीच्या वायपरची 12 व्होल्टची मोटर आणि वेग कमी करायचं बटण. बघणाऱ्याने 57 सेंटिमीटरवर बसायचं. हा आकडा सोयीचा आहे, कारण या अंतरावर 1 सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ नेमका 1 अंश. मिनिटाला 20 फेरे ठेवले की पट्टे सेकंदाला 31 अंशांनी धावतात.

बूड ठोकून देणारा सुतार गुजराती. डबा फिरताना बघून म्हणाला, "बेन, आ तो आंख ने नचावे छे!" बरोबर. डोळा एका पट्ट्याबरोबर संथ सरकतो, मग झटक्यात उलट उडी मारतो, पुढचा पट्टा पकडतो, पुन्हा सरकतो. आलेखात करवतीचे दाते. हे ठरवून करावं लागत नाही आणि पट्टे डोळ्यांसमोर भरून राहिले तर थांबवणंही कठीण. डोळ्यांचे डॉक्टर असाच छोटा ढोल हातात धरून फिरवतात. "मला दिसतं" किंवा "मला दिसत नाही" हे तान्हं बाळ सांगू शकत नाही, पण पट्ट्यांमागे डोळे नाचले तर दिसतंय हे कळतं. दिसत नसल्याचं सोंग घेणाराही इथे सापडतो.

एक पाटी लावायची : फेफरं येणाऱ्यांनी किंवा अर्धशिशी असणाऱ्यांनी ढोलासमोर बसू नये.

27 डिसेंबर

आणंदला लग्न. मेमूत भाचा खिडकीशी, मी समोर. बाहेरचे खांब बघताना त्याच्या डोळ्यांत अगदी ढोलासारखे दाते. त्याला दूरच्या झाडांच्या रांगेकडे बघायला सांगितलं की दाते लांबतात आणि संथ होतात, कारण दूरची झाडं अंशांच्या हिशेबात हळू सरकतात. मग मी त्याला काचेवरच्या एका डागाकडे बघायला सांगितलं, डोळे स्थिर झाले. बाहेरचं सगळं जग तसंच पळत होतं. म्हणजे कुठली हालचाल मानायची याची निवड वरून, मेंदूकडून, होते. समोरच्या बाकावरच्या काकू आमच्याकडे बराच वेळ संशयाने बघत होत्या, शेवटी त्यांनीही नवऱ्याचे डोळे तपासले.

3 जानेवारी

भिंतीवरचा मजकूर. मेंदूचं रंगीत चित्र आणि त्यावर वीस बाण, असं नको. दोनच रस्ते दाखवू.

झेपेचा रस्ता 'कुठे?' या प्रश्नावर चालतो. मेंदूच्या खोडाच्या वरच्या भागात सुपीरिअर कॉलिक्युलस नावाचे दोन उंचवटे आहेत. तिथल्या पेशींचा नकाशाच असतो, नकाशातल्या ज्या जागी खळबळ, त्या दिशेला आणि तेवढ्या अंतरावर झेप. पाठलागाचा रस्ता 'किती वेगाने आणि कोणीकडे?' यावर चालतो. डोळ्याच्या पडद्यावरून संदेश डोक्याच्या मागच्या भागातल्या पहिल्या दृक्-क्षेत्रात जातो. ठरावीक दिशेच्या हालचालीलाच दाद देणाऱ्या पेशी तिथे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरात दाखवल्या, 1981 च्या नोबेलमागे त्यांचं हेच काम होतं. तिथून संदेश एमटी या क्षेत्रात जातो. माणसात ते साधारण कानाच्या मागे, थोडं वर येतं. एमटीतल्या जवळपास सगळ्या पेशी दिशा ओळखणाऱ्या. पुढे कपाळामागचं क्षेत्र, मेंदूच्या खोडातला सेतू, लहान मेंदू आणि शेवटी प्रत्येक डोळ्याचे सहा स्नायू.

हे दोन रस्ते वेगळे आहेत याचा मला सगळ्यात पटलेला पुरावा 1985 चा. विल्यम न्यूसम, रॉबर्ट वुर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या एमटीचा लहानसा भाग निकामी केला. दृश्याच्या त्या भागात स्थिर ठिपका दाखवला की माकड बिनचूक झेप घ्यायचं. ठिपका हलता असला की झेप चुकीच्या जागी पडायची आणि पाठलाग फार हळू सुरू व्हायचा. ठिपका दिसत होता, जागा कळत होती, हुकत होता तो फक्त वेग.

माणसातली गोष्ट 1983 ची. म्युनिकमध्ये योझेफ झिल आणि सहकाऱ्यांनी एल. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक रुग्ण अभ्यासली. मेंदूच्या दोन्ही बाजूंना इजा झाल्यावर तिला रंग, आकार, चेहरे दिसत होते, हालचाल मात्र दिसेनाशी झाली. कपात चहा ओतताना धार बर्फासारखी गोठलेली दिसायची, कप भरत आलाय हे कळायचं नाही आणि चहा सांडायचा. रस्त्यात गाडी आधी लांब असायची आणि एकदम अंगावर. चहाची ही ओळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत. बाकीचं कोणी वाचो न वाचो.

9 जानेवारी

आजचा प्रयोग 1961 चा, सायरिल रॅशबास यांचा. माझ्या मते आख्ख्या टेबलावरचा सर्वांत हुशार. पडद्याच्या मध्यावर ठिपका. तो एकदम 3 अंश डावीकडे उडतो आणि त्याच क्षणापासून सेकंदाला 15 अंशांनी उजवीकडे चालू लागतो. 3 भागिले 15, म्हणजे 0.2 सेकंदांनी तो पुन्हा मध्यावर येतो.

डोळ्याने काय करावं? जागेचं ऐकलं तर डावीकडे झेप, वेगाचं ऐकलं तर उजवीकडे सरकणं. झेप ठरवून घ्यायला 200 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, तोवर ठिपका मध्यावर आलेला असतो आणि झेपेचं कारणच उरत नाही. पाठलाग त्याआधी, शंभराच्या थोडं पुढे सुरू होतो. व्हिडिओ बघितला. ठिपका अजून डावीकडे आहे आणि डोळ्यातली ती लाल शीर उजवीकडे सरकायला लागली! एकही झेप नाही. वस्तू ज्या बाजूला आहे तिच्या उलट बाजूला डोळा निघाला, कारण वस्तू तिकडे *चाललेली* आहे.

भाच्याने चार वेळा व्हिडिओ मागे-पुढे करून बघितला. मग म्हणाला, "मावशी, तक्ते खरंच नकोत."

14 आणि 15 जानेवारी

उत्तरायण. काम बंद ठेवायचं ठरलं होतं, पण दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर शे-दोनशे डोळे आभाळाकडे लागलेले असताना कॅमेरा खाली कसा ठेवणार?

हिशेब : अर्ध्या मीटरचा पतंग साठ मीटरवर असला की अर्धा अंश दिसतो, पौर्णिमेच्या चंद्राएवढा. म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या जागेत आरामात मावेल इतका, डोळा नेमका त्याच्यावर धरला तर. फिरकी धरून उभ्या असलेल्या पुतणीचे डोळे टिपले. पतंग संथ डोलत असताना पाठलाग, ढील दिल्यावर तो सरकत गेला तरी पाठलाग. चुलत भावाने खेच मारली की पतंग सुसाटतो, डोळा मागे पडतो, झेप घेऊन गाठतो आणि पुन्हा सरकू लागतो. "काप्यो छे!" अशी ओरड उजवीकडून आली तेव्हा मात्र आधी झेप, तीही मान वळायच्या आत. मान वळत असताना डोळे खोबणीत उलट फिरून नजर पतंगावर रोखून धरतात. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिकांकडून येणारा हा आदेश 10 मिलिसेकंदांत डोळ्याला पोचतो, दृष्टीच्या रस्त्याला तो वेग कधीच जमणार नाही.

रात्री कोणीतरी तुक्कल, म्हणजे पतंगाच्या दोरीला बांधलेला कागदी कंदील, चढवली. दोरीला एकच कंदील, बाकी आभाळ काळं, वारा मंद. तुक्कल हलतेय की नाही यावर गच्चीवर दोन पक्ष पडले. मी मोबाइल कठड्यावर ठेवून चित्रण केलं, तुक्कल जवळजवळ जागच्या जागी होती. अंधारात एकटा दिवा असला की आजूबाजूला तुलनेला काही नसतं आणि स्थिर दिवाही भटकल्यासारखा वाटतो. दुसऱ्या बाजूच्या लोकांना व्हिडिओ पटला नाही. उंधियु आला आणि वाद तिथेच राहिला.

22 जानेवारी

पुठ्ठ्याला बशीएवढं गोल भोक. मागे तिरक्या रेघांचा कागद, तो सरळ उजवीकडे ओढायचा. भोकातून बघणाऱ्याला रेघा तिरप्या, स्वतःला काटकोनात सरकताना दिसतात. रेघेची टोकं झाकलेली असल्याने ती स्वतःच्या लांबीच्या दिशेने किती सरकली हे कळायला मार्गच नसतो. आता रेघेवर एक लाल टिकली चिकटवली. लगेच सगळं सरळ उजवीकडे.

मेंदूतली हालचाल टिपणारी प्रत्येक पेशी जग अशाच एका भोकातून बघते. ख्रिस्तोफर पॅक आणि रिचर्ड बॉर्न यांनी 2001 मध्ये माकडाच्या एमटीत दाखवलं की सुरुवातीला पेशी रेघेच्या काटकोनातली दिशा सांगतात आणि साधारण 60 मिलिसेकंदांनी टोकांकडून आलेल्या माहितीवरून खऱ्या दिशेकडे वळतात. आणि डोळा? तोही सुरुवातीला चुकीच्या दिशेने निघतो आणि वाटेत वळतो. आमच्या कॅमेऱ्यात हे वळण पकडता आलं नाही, दोन अंशांचा फरक म्हणजे बारा-चौदा ठिपके आणि पापणी मध्ये येते. भोक आणि टिकली ठेवायची, डोळ्याचा आलेख नाही.

4 फेब्रुवारी

भाचा मोतीबागेवर क्रिकेट खेळायला जातो. तिथे सगळे प्रशिक्षक सांगतात, "चेंडूवरून नजर हलवू नकोस." मी त्याला हिशेब करायला बसवलं. ताशी 140 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 39 मीटर. चेंडू तीन मीटरवर आणि अर्धा मीटर बाजूने जाणारा धरला तर डोळ्याला तो सेकंदाला 120 अंशांनी सरकताना दिसतो आणि पुढे हा आकडा भराभर चढतो. पाठलागाचं तिथे काही चालत नाही.

मायकल लँड आणि पीटर मॅकलिऑड यांनी 2000 मध्ये फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा लावून हेच बघितलं. फलंदाज हातातून सुटणारा चेंडू बघतो, मग नजर चेंडूला सोडून टप्पा पडणार त्या जागी झेप घेते आणि तिथे चेंडूची वाट बघते. टप्प्यानंतर सुमारे 200 मिलिसेकंद पाठलाग. चांगल्या फलंदाजाची झेप लवकर निघते. म्हणजे नजर हलवलीच पाहिजे, फक्त वेळेवर. भाच्याने हे प्रशिक्षकांना सांगायची तयारी केली आहे. मी त्याला सांगितलं, आधी धावा कर.

20 फेब्रुवारी

फलक छापून आले. पाण्याकडे बघत राहिल्यावर शेजारचे खडक वर सरकताना दिसतात, तो धबधब्याचा भ्रम भाच्याने हळूच कोपऱ्यात घुसवला आहे. रॉबर्ट ॲडम्स यांनी तो 1834 मध्ये स्कॉटलंडच्या फॉयर्स धबधब्यावर नोंदवला. राहू दे. तसाही ढोल थांबवला की लोकांना पट्टे उलटे सरकताना दिसणारच आहेत.

28 फेब्रुवारी

सर्वांत जास्त गर्दी कशाला झाली? आरशाला. शेवटच्या क्षणी घरून आणलेला साधा आरसा. आरशात आधी डावा डोळा बघा, मग उजवा, मग डावा. स्वतःचे डोळे हलताना कोणालाही दिसत नाहीत, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र स्पष्ट दिसतात. झेपेच्या वेळी मेंदू दृश्याचा आवाज खाली करतो. मग हेच मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात करा : डोळे हलताना दिसतात, कारण पडद्यावर चित्र थोडं उशिरा पोचतं, तोवर तुमची झेप संपलेली असते. मुलं आई-वडिलांना ओढून आणत होती.

रॅशबासचा ठिपका मोठ्यांना आवडला, पण समजावून सांगावा लागला. भोक-टिकलीला महिला मंडळाने दाद दिली. ढोलासमोरून एक आजोबा उठले आणि म्हणाले, "मीच फिरतोय की काय!" त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली.

संध्याकाळी आवरताना एक आजी आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हालचाल दिसल्याशिवाय डोळा सरकत नाही म्हणतेस. मग दिवे गेल्यावर मी माझंच बोट डोळ्यांपुढून फिरवलं तर?"

3 मार्च

आजींचा प्रश्न नेमक्या जागी लागला. गडद अंधारात स्वतःचं न दिसणारं बोट फिरवलं तर बऱ्याच लोकांचे डोळे त्याच्यामागे थोडेफार संथ सरकतात, मधूनमधून झेपा घेत. दुसऱ्याने बोट फिरवलं तर अर्थातच नाही. म्हणजे हालचाल पुरवावी लागते हे खरं, ती डोळ्यातूनच आली पाहिजे असं नाही. हाताला दिलेला आदेश आणि हाताच्या सांध्या-स्नायूंकडून येणारी खबर हीसुद्धा चालते, दिसणाऱ्या बोटाइतकी चांगली नाही, पण चालते. फलकावरचं "डोळ्याला दिसलेली हालचाल" हे शब्द बदलून "मेंदूला कळलेली हालचाल" करायचे.

अंधारात डोळा टिपायचा तर इन्फ्रारेड लागणार. जुन्या वेबकॅमच्या भिंगामागची लालसर-निळी काच भाच्याने ब्लेडने काढली, टीव्हीच्या रिमोटचा दिवा त्यात पांढराशुभ्र दिसतो. उजेडासाठी 850 नॅनोमीटरचे एलईडी मागवले आहेत. वेबकॅम सेकंदाला 30 चित्रंच देतो. झेपा निसटतील, पण संथ सरकणं आलं तर तिरकी रेघ दिसेल. आजींचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. त्यानंतर पहिल्यांदा त्यांनाच बसवायचं, त्यांनी तसं बजावून ठेवलंय.